पिंपात किती तेल मावतं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "मुलीला भागाकार शिकवायला पेपरातली बातमी घेतली, 'कच्चे तेल 80 डॉलर प्रतिपिंप'. आमच्या गच्चीवरचं निळं पिंप 200 लिटरचं, म्हणून 200ने भागायला लावलं. ऑफिसातला मित्र म्हणाला, चुकलात, 159ने भागायचं. मग हे पिंप कसलं? सरळ बॅरल का लिहीत नाहीत? आणि 'पिंप' तरी मराठी आहे का?"

भागाकारापुरता तुमचा मित्र बरोबर आहे. तेलबाजारातलं पिंप म्हणजे 42 अमेरिकी गॅलन, 159 लिटरला किंचित कमी. डॉलर 85 रुपयांचा धरला तर तुमच्या हिशोबाने लिटरला 34 रुपये येतात, खरे येतात 43च्या जरासे खाली. नऊ रुपयांची गफलत निव्वळ एका शब्दाने केली. (पंपावरचा भाव याहून खूप वर का असतो, ही शब्दचर्चा नव्हे. तो करांचा विषय.)

पण तुमची चूक मला अगदी रास्त वाटते, कारण मराठीत पिंपाला माप असं नाहीच. स्वयंपाकघरातलं प्यायच्या पाण्याचं तोटीवालं तांब्याचं पिंप वीसेक लिटरचं, रस्त्याच्या कडेला असतं ते डांबराचं पिंप दोनशेच्या आसपास. पिंप म्हणजे उभट, गोल, पोट असलेलं भांडं, एवढंच. आकार ठरलेला, आकारमान नाही.

मराठीपणाचं म्हणाल, तर शब्द पोर्तुगीज आहे. 'पीपा' म्हणजे दारूचं, पाण्याचं मोठं लाकडी पिंप. ते गलबतांतून किनाऱ्यावर उतरलं आणि मराठीत येताना अनुस्वार घेऊन बसलं. बादली, घमेलं, चावी, पगार हे सगळे त्याच वाटेने आले. हिंदीत त्याचा पीपा झाला, तमिळमध्ये पीप्पाय, आणि तिकडच्या तेलाच्या बातम्यांतही तो पीप्पाय असतोच. म्हणजे या बाबतीत मराठी वर्तमानपत्रं काही एकटी नाहीत.

पोर्तुगिजांच्याही मागे गेलं तर लॅटिन 'पिपारे', पक्ष्याचं चिवचिवणं. त्यावरून पावा, पाव्यावरून नळी, नळीवरून नळकांड्यासारखं पिंप. (आपली पिपाणी याच गोतातली आहे असं मी म्हणत नाही. तसला आवाज कुठल्याही भाषेला आपापला ऐकू येतो.) इंग्रजीतला 'पाइप' त्याच झाडाचा. तेल ज्या पाइपलाइनमधून वाहतं आणि ज्या पिंपाने मोजतात, ते दोन शब्द चुलतभाऊ निघाले.

आणि खरी गंमत इथे आहे. इंग्रजीत 'पाइप' नळीला म्हणतात तसं ते दारूच्या एका मोठ्या पिंपाचंही नाव आहे. पोर्तुगीज पीपा तोच हा. इंग्लंडच्या जुन्या दारूमापात तो 126 गॅलनचा. त्याच्या तिसऱ्या हिश्शाला 'टिअर्स' म्हणत. 'तिसरा' आणि 'टिअर्स' यांचं मूळ एकच, सांगायला नकोच. 126चा तिसरा हिस्सा 42. म्हणजे शब्दाच्या कुळाप्रमाणे पाहिलं, तर आज जगभर ज्याला तेलाचं बॅरल म्हणतात ते एका पिंपाचा तिसरा भाग आहे. आपण त्या तिसऱ्या भागालाच पिंप म्हणतो. काटेकोर माणसाने इथे कपाळाला हात लावावा. मला मात्र हे आवडतं.

दारूचं माप तेलाला कसं लागलं? ऑगस्ट 1859मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकच्या विहिरीला सत्तरएक फुटांवर तेल लागलं. पाठोपाठ शेजारीपाजारी विहिरी खणल्या गेल्या आणि तेल इतकं आलं की भरायचं कशात हाच प्रश्न. व्हिस्कीची, माशांची, टर्पेंटाइनची, मिळतील ती लाकडी पिंपं भरून चिखलाच्या वाटेने घोडागाड्यांवर निघाली. पिंप लहानमोठं, वाटेत गळणार, त्यात गाडीवान हात मारणार. गिऱ्हाइकाची कटकट व्हायला लागल्यावर 1866मध्ये विहिरवाल्यांनी मिळून ठरवलं की पैसे 40 गॅलनचे घ्यायचे आणि दोन गॅलन वर द्यायचे. भाजीवाली वजन झाल्यावर मूठभर कोथिंबीर वर टाकते, तसे. 1872मध्ये उत्पादकांच्या संघटनेने 42च पक्के केले. टिअर्स आधीपासून होताच, 42चं पिंप करायचा कारागिरांना सराव होता, भरलेलं एका माणसाला कसंबसं लोळवता येई.

इथे बॅरलसाठी लिहितात त्या 'बीबीएल' (bbl) या खुणेबद्दल हटकून एक गोष्ट सांगितली जाते: स्टँडर्ड ऑइल ही अमेरिकेतली बडी तेलकंपनी आपली पिंपं निळी रंगवायची, म्हणून 'ब्लू बॅरल'. गोष्ट गोड आहे, पण ही खूण तेल सापडायच्या आधीपासून जहाजांच्या मालयाद्यांत आढळते. तेव्हा निकाली काढा.

मग पाइपलाइन आल्या, टाकीवाले रेल्वेडबे आले, टँकर जहाजं आली आणि लाकडी पिंप संपलं. माप तेवढं मागे राहिलं. आशियात तर किरकोळीत पिंपाचा संबंधच नव्हता, इथे तेल म्हणजे रॉकेल आणि रॉकेल म्हणजे पत्र्याचा डबा. 1892मध्ये लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याचं 'म्युरेक्स' जहाज पोटात सुटं रॉकेल भरून सुएझमधून पूर्वेला आलं. जहाजाने वाहतूक स्वस्त केली, पण गिऱ्हाइकाला डबाही हवा होता, कारण रिकाम्या डब्याचे शंभर उपयोग. स्टँडर्डचे डबे निळे, म्हणून सॅम्युएलच्या शेलने लाल डबे काढले. रॉकेल हा शब्द स्वतः 'रॉक ऑइल', म्हणजे खडकतेल. पेट्रोलियमचा अर्थही तोच.

आज जगात कोणीही कच्चं तेल 159 लिटरच्या पिंपात भरत नाही. तरी जागतिक राजकारण याच नसलेल्या भांड्याने मोजलं जातं. जग दिवसाला साधारण 10 कोटी पिंपं जाळतं. सप्टेंबर 1960मध्ये बगदादला इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला यांनी ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटना काढली ती तेल कंपन्यांनी पिंपामागचा जाहीर भाव परस्पर उतरवला म्हणून. पुढे कोणी दिवसाला किती पिंपं काढायची यावरून त्याच देशांची आपसांत जुंपत राहिली. 1973च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. डिसेंबर 2022मध्ये जी-7 या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाच्या भावावर मर्यादा घातली, तीही पिंपातच: तेव्हा ठरलं, की पिंपाला 60 डॉलरपेक्षा जास्त मोजून घेतलेल्या मालाला आमचा जहाजविमा मिळणार नाही. खुद्द रशिया मात्र घरचा हिशोब टनात ठेवतो.

आपलं सरकारही टनवालं. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, म्हणून आणीबाणीसाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली साठे केले आहेत. त्यांची मिळून क्षमता 53.3 लाख टन. पिंप हे घनफळाचं माप आणि टन वजनाचं, त्यामुळे तेल जड की हलकं यावर गुणोत्तर बदलतं. ढोबळ मानाने एका टनात 7.3 पिंपं धरतात, म्हणजे सुमारे 3.9 कोटी पिंपं. आणि हे साठे आहेत कुठे? खडकात कोरलेल्या गुहांत. खडकतेल परत खडकात.

पिंप निव्वळ कागदावर असल्याचा पुरावा हवा असेल तर 20 एप्रिल 2020 आठवा. करोनाच्या टाळेबंदीत मागणी बसली, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंगला, जिथे सौद्याचं तेल ताब्यात घ्यायचं असतं, टाक्या भरत आल्या, आणि मे महिन्यात तेल घ्यायच्या सौद्यांची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. न्यूयॉर्कच्या बाजारात एक सौदा हजार पिंपांचा. ज्यांनी कागद म्हणून घेतले होते त्यांना एकदम आठवलं, की मुदतीनंतर खरंखुरं तेल उचलावं लागतं. ठेवणार कुठे? दिवसअखेर भाव उणे 37.63 डॉलर. पिंप न्या आणि वर पैसेही न्या. त्याचा दणका मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजाराला बसला. तिथे सौदा शंभर पिंपांचा, आणि हिशोब पूर्ण झाला पिंपाला उणे 2,884 रुपये या दराने. मामला उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या दिवसांत 'तेल मातीमोल' असे मथळे वाचले. चूकच. मातीला निदान शून्याच्या वर काही मोल असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पिंप की बॅरल? माझं मत पिंपाच्या बाजूने. बॅरल लिहिल्याने नेमकेपणा येतो हा भ्रम आहे. इंग्रजीतही बिअरचं बॅरल वेगळं, तेलाचं वेगळं. शब्द परका ठेवल्याने माप कळत नाही, फक्त विचारायची लाज वाटते. तुम्ही पिंप वाचलंत म्हणून गच्चीवरचं आठवलं, भागाकार केलात आणि चूक सापडली. बॅरल वाचून कोण भागाकार करतो? बातमीत पहिल्यांदा येईल तिथे '159 लिटरचे पिंप' असं एकदा लिहिलं की भागलं. सौद्याची कागदपत्रं किंवा तांत्रिक लेख असेल तर बॅरल चालेल, तिथे वाचणाऱ्याला आकडा पाठ असतो.

माझी खरी तक्रार पिंपाबद्दल नाही, त्याआधीच्या 'प्रति'बद्दल आहे. '80 डॉलर प्रतिपिंप' ही इंग्रजी वाक्यावर बसवलेली मराठी टोपी. बाजारात आपण 'चाळीस रुपये प्रतिकिलो' म्हणत नाही, 'किलोला चाळीस' म्हणतो. तसं 'पिंपाला 80 डॉलर', वाढ सांगायची तर 'पिंपामागे दोन डॉलरनी वाढ'. 'दशलक्ष पिंपे प्रतिदिन' याचंही 'दिवसाला दहा लाख पिंपं' करावं. दशलक्ष पाहिलं की निम्मे लोक मनात शून्यं मोजत बसतात, आणि निम्मे मोजतही नाहीत.

मुलीला पुढचं गणित टनाचं घाला.