पाठवणारा आणि घेणारा यांचे अक्ष जुळलेले नसतील तर पोलरायझेशनवर (प्रकाशतरंगाच्या कंपनाच्या दिशेवर) क्वांटम किल्ली, म्हणजे एकेका फोटॉनवरून पाठवलेली गुप्त किल्ली, पाठवता येते का?

तुमचा सेटअप असा: पाठवणारा ड्रोनवर, घेणारा जमिनीवर, ड्रोन स्वतःभोवती वळतोय. ‘रेफरन्स-फ्रेम-इंडिपेंडंट’ (अक्ष जुळवल्याशिवाय चालणारी) पद्धत घेतली की अलाइनमेंटची कटकट संपते का, आणि क्यू-प्लेट (पोलरायझेशननुसार प्रकाशाला पीळ देणारी प्लेट) घ्यावी का, हे तुम्ही विचारताय.

कटकट संपत नाही. त्या नावाने भल्याभल्यांची दिशाभूल केलीय, म्हणून जरा लांबण लावतो.

बीबी८४ या क्वांटम किल्लीच्या मूळ पद्धतीत अक्ष थीटा कोनाने फिरले की चुका साइन-वर्ग-थीटा इतक्या होतात: ५ अंशांना पाऊण टक्का, १० अंशांना ३ टक्के, आणि विशीच्या आत ११ टक्के, म्हणजे किल्ली शून्य. २०१० साली लेंग, स्कारानी, रॅरिटी आणि ओब्रायन यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. किल्ली सर्क्युलर बेसिसमध्ये (बेसिस म्हणजे मोजायच्या दोन अवस्थांची जोडी, इथे उजवं आणि डावं गोल पोलरायझेशन) काढा, कारण किरणाभोवती फिरल्याने उजवं उजवंच राहतं. उभं-आडवं आणि तिरपं हे दोन बेसिस एकमेकांत मिसळतात, पण त्यांच्या चार सहसंबंधांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे सी, बदलत नाही. आदर्श सी २. तो घसरला की तेवढी माहिती चोराकडे गेली असं धरायचं.

म्हणजे सर्क्युलर बेसिस तरी दोघांचा एकच लागतो, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. ४५ अंशांत लावलेला आरसा पोलरायझेशनच्या दोन घटकांत फेज, म्हणजे तरंगाच्या टप्प्याचा फरक, घालतो. २० अंश फेज म्हणजे किल्लीतच ३ टक्के चुका. डायक्रोइक (रंगानुसार प्रकाश वेगळा करणारा) आरसा असेल तर याहूनही वाईट. तपासायचं असं: फक्त उजवा पाठवा, डाव्या डिटेक्टरवरचे काउंट मोजा, डार्क काउंट (प्रकाश नसतानाही येणारे) वजा करा. त्याआधी बीमस्प्लिटर क्यूबच्या परावर्तित वाटेत एक जादा पोलरायझर लावा, नाहीतर क्यूबची गळती आरशाच्या माथी माराल. फेज निघालाच तर तसाच दुसरा आरसा पहिल्याशी काटकोनातल्या प्रतलात वळवून लावा, दोघांचे फेज एकमेकांना खातात. वेव्ह-प्लेटा झिरो-ऑर्डरच घ्या, मल्टी-ऑर्डर तापमानाबरोबर सरकतात. आणि सगळे बिट उलटे आले तर घाबरू नका, वाटेत विषम संख्येने आरसे आहेत, एवढंच.

दुसरी मेख वेगाची. सी ज्या ब्लॉकवर मोजता, त्यात ड्रोन एकसारख्या गतीने १५ अंश वळला तर सी १.९५ उरतो, ४५ अंशांना १.६२, ९० अंशांना ०.८१, आणि १८० अंशांना शून्य. दुसरी काहीच चूक नसली तरी ४५ अंशांत किल्लीचा २९ टक्के भाग कापावा लागतो. ब्लॉक लहान केला की आकडेवारी विरळ होते, आणि वर्ग घेतल्यामुळे नुसता गोंगाटही सी वाढवून दाखवतो. बेसिसच्या प्रत्येक जोडीला १०० घटना असतील तर अक्षांमधला कोन काहीही असला तरी फुगवटा साधारण ०.०२. सी फुगणं म्हणजे सुरक्षेचा खोटा दाखला. सहसंबंधांच्या खालच्या मर्यादा काढा, मग वर्ग करा.

क्यू-प्लेट? स्पिन आणि कक्षीय कोनीय संवेग मिळून शून्य, म्हणून फिरण्याचा परिणामच नाही. पाडुआत २०१४ मध्ये २१० मीटरवर हे करून दाखवलंय. कल्पना देखणी आहे, पण हवेतली खळबळ आणि केंद्र सरकणं यांत फोटॉन वाया जातात. चार फोटॉनचा लॉजिकल क्युबिट (चार फोटॉन मिळून एकच क्वांटम बिट) तर विसराच, १० टक्के पारगमनाला दहा हजारांत एक पोचतो.

माझं मत: वळण जायरोवर दिसत असेल तर मोटारीवर हाफ-वेव्ह प्लेट लावा आणि वळणाच्या निम्म्या कोनाने फिरवा. चीनच्या मिशियस या क्वांटम उपग्रहाच्या प्रयोगात मोटरची हाफ-वेव्ह प्लेटच वापरली होती. फ्रेम-इंडिपेंडंट पद्धत खरी शोभते ती फायबरमधल्या टाइम-बिनला (फोटॉन आधी आला की नंतर यावर बिट ठरवण्याला), जिथे फेज सांगून येत नाही.

हे सगळं एकल फोटॉन धरून. क्षीण केलेला लेझर वापरणार असाल तर डिकॉय (चोर पकडायला मधूनमधून पाठवलेले वेगळ्या तीव्रतेचे पल्स) लागतीलच, आणि सी फक्त एक-फोटॉन पल्सपुरता काढायचा, सगळ्या क्लिकवरून नाही.