दशांश पट्टीवर काढायचा की हाती उरलेल्यावर?

भाऊ, तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगतो.

रावेर तालुक्यात तीन एकर केळी, साधारण ४,३०० खोडं. घर स्वामिनारायण संप्रदायातलं. वडील होते तोवर प्रत्येक पट्टीतला, म्हणजे माल विकून आलेल्या एकूण रकमेतला, दहावा हिस्सा मंदिरात जायचा. दोन वर्षांपूर्वी बहिणीचं लग्न निघालं, त्यातच बोअर आटली म्हणून नवी घ्यावी लागली आणि त्या वर्षी दशांश द्यायचा राहिला. पुढच्या जूनमध्ये वादळानं निम्मी बाग आडवी केली. तेव्हापासून आईंचं एकच म्हणणं: "देवाचं देनं राह्यलं, म्हनून केयी आडवी झाली." यंदा बाग चांगली आहे, ९,२०,००० रुपयांची पट्टी होईल असा तुमचा अंदाज. आईंना यंदाचा आणि मागच्या दोन वर्षांचा दशांश एकदम द्यायचा आहे, वेळ पडली तर उरलेलं सोनंही गहाण ठेवायची त्यांची तयारी आहे. तुमच्या सौभाग्यवतींना आधी गहाण पडलेलं सोनं सोडवायचं आहे. मधे तुम्ही. तुमचा प्रश्न असा, की दशांश दिल्यानं खरंच बरकत येते का, आणि नाही दिला तर जाते का?

दिला नाही म्हणून बाग पडली, हे मला पटत नाही. त्या जूनचं वादळ आठवा. तुमच्याच पत्रात आहे की बांधाला लागून असलेल्या चुलतभावाची बागही झोपली आणि त्यांच्या घरचा दशांश एकाही वर्षी चुकलेला नाही. वारा शिवारातून जाताना कुणाच्या पावत्या तपासत नाही. मे-जूनचं वादळ रावेर-यावल पट्ट्याला नवीन नाही. घड लागलेलं खोड वरून जड असतं, मुळं उथळ असतात, आधाराची दोरी नसली की ते जातंच. आईंना दोन गोष्टी एकापाठोपाठ घडलेल्या दिसल्या आणि त्यांनी त्या जोडल्या. माणूस जोडतोच. पण त्या वर्षी तुम्ही आणखी एक गोष्ट भरली नव्हती, ती पत्रात अगदी शेवटी ओझरती आली आहे: फळपीक विम्याचा हप्ता. त्याच्याकडे नंतर येतो.

दुसरी बाजू, म्हणजे "अमक्यानं दशांश दिला आणि ट्रॅक्टर आला, बंगला झाला". अशा गोष्टी आपल्याकडे पारावर भरपूर ऐकायला मिळतात. ट्रॅक्टरवाला आपली गोष्ट सांगतो, लोक ऐकतात. त्याच्याइतकंच नेमानं देऊन कर्जात बुडालेला माणूस पारावर येऊन काही सांगत नाही. शिवाय ट्रॅक्टरवाल्याची जमीन किती, विहिरीला पाणी किती, पोरगा नोकरीला आहे का, हे कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे उरतं त्याला देणं सोपं जातं, आणि आपण उलटं धरून बसतो की दिलं म्हणून उरलं.

तरीही दशांशाचा पैशावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो, पण वेगळ्या वाटेनं. दहावा हिस्सा काढायचा तर आधी दहा हिस्से मोजावे लागतात. जो माणूस प्रामाणिकपणे दशांश काढतो त्याला किती आले, किती गेले हे ठाऊक असतं. आपल्या भागात केळीची पट्टी आली की त्याच आठवड्यात कृषी केंद्राची उधारी, मजुरी, एखादं लग्न आणि एखादी मोटरसायकल यांत ती विरघळून जाते आणि वर्षाअखेर कुणालाच सांगता येत नाही की पिकात कमावले की गमावले. तुमच्या वडिलांची वही होती असं तुम्ही लिहिता. तुमची नाही. बरकत शोधायची तर मी आधी तिथे शोधेन.

आता आकडे. तुम्हीच दिलेले आहेत, मी फक्त शेजारीशेजारी मांडतो. पट्टी ९,२०,०००. टिश्यू कल्चरची रोपं, खतं, फवारणी, दोरी, मजुरी, ठिबकची दुरुस्ती असा खर्च ५,१०,०००. यातलाच बराचसा गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जातून आणि कृषी केंद्राच्या उधारीवर झालाय, तो पट्टीतून परत जाणार. हाती राहिले ४,१०,०००. घरखर्च महिना २०,००० धरला तर वर्षाचे २,४०,०००. उरले १,७०,०००. सोनं ठेवून घेतलेलं कर्ज १,५०,०००, व्याज ११ टक्के, म्हणजे वर्षाला १६,५००.

पट्टीवर दशांश काढला तर ९२,००० होतात. हा तुमच्या कमाईचा दहावा हिस्सा नव्हेच. ४,१०,००० मधले ९२,००० म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त. वडिलांच्या वेळी हे खुपलं नसेल. तेव्हा घरचंच बेणं, पाटाचं किंवा विहिरीचं पाणी, खर्च कमी, त्यामुळे पट्टी आणि नफा यांत आजइतकं अंतर नव्हतं. आज टिश्यू, ठिबक आणि विकतच्या खतावर पिकणाऱ्या केळीत पट्टीतला निम्म्याहून जास्त पैसा तुमचा नसतोच, तो तुमच्या हातून नुसता पुढे जातो.

आणि मागची बाकी? लग्नाच्या वर्षाची पट्टी ७,४०,०००, वादळाच्या वर्षाची ३,६०,०००. आईंच्या हिशेबानं ७४,००० आणि ३६,०००, यंदाचे धरून २,०२,०००. हाती आलेल्यातले जवळजवळ निम्मे. वादळाच्या वर्षी तर खर्चसुद्धा निघाला नव्हता. तोट्याचा दशांश कोणत्या शास्त्रात सांगितलाय, मला माहीत नाही. हे पैसे सोनं ठेवून उभे केले तर त्याच ११ टक्क्यांनी वर्षाला २२,२२० नुसतं व्याज. ते देवाला पोचत नाही, बँकेला पोचतं.

इथे मी तुमच्याच घरच्या ग्रंथाकडे बोट दाखवतो. १८२६ साली वडतालला लिहिल्या गेलेल्या शिक्षापत्रीतला १४७ वा श्लोक तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असेल: आपल्या उद्योगातून मिळालेल्या धनधान्याचा दहावा भाग कृष्णार्पण करावा, आणि दुर्बळांनी विसावा. त्याच श्लोकातली विसाव्या भागाची सवलत कुणी फारशी सांगत नाही. त्याच्याआधीचे दोन श्लोक तर माझ्या धंद्याचेच, म्हणजे हिशेबाचेच, आहेत. १४५ म्हणतो, उत्पन्न पाहून खर्च करावा, नाहीतर मोठं दुःख होतं. १४६ म्हणतो, जमाखर्च रोजच्या रोज, स्वतःच्या स्वच्छ अक्षरात लिहावा. आधी झेप पाहून खर्च, मग वही, मग दशांश. हा क्रम मी लावलेला नाही. आणि "आपल्या उद्योगातून मिळालेलं" या शब्दांत कर्ज कुठेच बसत नाही.

दुसरीकडेही असंच दिसतं. आपल्या नवापूरकडच्या ख्रिस्ती घरांत दशमांश देताना मलाखीचं वचन सांगतात: भांडारात दशमांश आणा आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा. तुमच्या आईंची श्रद्धा त्याच्या बरीच जवळची आहे. मुसलमान घरांत जकात अडीच टक्के, पण ती उत्पन्नावर नसते. ठरावीक मर्यादेच्या वर जे वर्षभर शिल्लक राहिलं त्यावर असते आणि देणं असलेलं कर्ज हिशेबात धरतात. कर्जात असलेल्याला पिळून घ्यावं, असं यातलं कुणी म्हणत नाही.

तर माझं मत असं. द्या, पण हाती आलेल्या ४,१०,००० वर, आणि यंदा विसावा भाग: २०,५००. राहिलेल्या १,७०,००० मधून ते गेल्यावर १,३०,००० सोन्याच्या कर्जात भरा. व्याज १६,५०० जाऊन मुद्दल १,१३,५०० नं उतरेल, बाकी ३६,५०० राहील. एकाच दागिन्यावर अडकून असेल तर बँकेशी बोला. वेगवेगळी खाती असतील तर एक पूर्ण सोडवून घ्या, सौभाग्यवतींना हातात काहीतरी दिसू दे. उरलेले १९,५०० वेगळ्या खात्यात, विम्याचा हप्ता आणि पुढच्या रोपांच्या आगाऊ रकमेसाठी. देवाला दिलेल्या २०,५०० ची किंमत तुमच्या खात्यात काय पडते तेही सांगतो: तेवढं कर्ज वर्षभर जास्त राहिलं, म्हणजे सुमारे २,२५५ रुपये व्याज. आईंच्या मनाला स्वस्थता मिळत असेल तर मी तरी एवढ्याला महाग म्हणणार नाही. २,०२,००० ला म्हणेन.

सोसायटीचं पीककर्ज मात्र यातल्या कशासाठीही थकवू नका. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की ती सवलत गेली. दशांशापायी सोसायटी थकवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथे पुढच्या वर्षी दशांशही थांबतो.

आता विमा. २०२० पासून तो कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक झाला, आणि "हप्ता जड वाटला" म्हणून तुम्ही सोडला. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीला कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरलेले असतात. भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, त्यामुळे कधीकधी आपल्या शेतात नुकसान आणि केंद्रावर काहीच नाही असंही होतं. लोकांचा राग समजतो. तरी भरा. अर्जाची मुदत साधारण ऑक्टोबरअखेर असते, त्या वर्षीची तारीख सेतू किंवा कृषी सहाय्यकाकडे विचारून घ्या. वाऱ्यानं किंवा गारपिटीनं झोडपलं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, बाग आवरायच्या आधी. भरपाई मिळाली तर तिच्यावर दशांश काढू नका. ती कमाई नाही, गेलेल्या भांडवलाची जागा आहे. हे माझं मत. मंदिराचा कारभार पाहणाऱ्या कोठारी स्वामींना विचारलंत तरी हरकत नाही. खरं तर विचाराच, आणि आईंना सोबत न्या. माझ्या तोंडून "विसावा भाग" ऐकण्यापेक्षा त्यांना तिथून ऐकलेलं बरं वाटेल.

तुमच्या पुण्याच्या भावानं पावती आपल्या नावावर मागितली आहे, करासाठी. तुमची शेतीची कमाई करमुक्त, तेव्हा तुम्हाला पावतीचा करापुरता उपयोग नाही. त्यांना होईल, पण ते जुन्या करप्रणालीत असतील, संस्थेकडे देणगीवर करसवलत देणारी ८०जीची मान्यता असेल आणि पैसे त्यांच्या खात्यातून गेले असतील तरच. २,००० रुपयांवर रोख दिलं तर वजावट मिळत नाही. तुमच्या केळीचे पैसे आणि त्यांच्या नावाची पावती, हे करू नका.

राहिली मागची बाकी. आईंना ती बोचते आहे आणि ती बोच माझ्या आकड्यांनी जाणार नाही. सोन्याचं कर्ज मिटेपर्यंत त्याला हात लावू नका. त्यानंतर लग्नाच्या वर्षाचं नुसत्या हाती उरलेल्या रकमेवर काढा, थोडंथोडं, दोन-तीन हंगामांत. वादळाच्या वर्षाचं काही देणं लागत नाही. तोवर अन्नकुटाला किंवा एखाद्या उत्सवाला केळी द्यायची असतील तर जरूर द्या. फक्त ते घड कटाईच्या दिवशी मालाचं वजन होण्याआधी बाजूला काढा, आणि संध्याकाळी वहीत किती घड, त्या दिवशीच्या भावानं किती रुपयांचे, हे लिहून ठेवा.