देश श्रीमंत झाला की प्रदूषण आपोआप कमी होते म्हणतात. मग त्यात लोकांच्या शिक्षणाचा आणि कौशल्याचा वाटा कुठे येतो?

माझा आक्षेप 'आपोआप' या शब्दालाच आहे. आपण ज्याचा उल्लेख करता तो पर्यावरणीय कुझनेट्स वक्र. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली मांडलेला मूळ विचार उत्पन्नातील विषमतेविषयी होता; पुढे ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना १९९१ साली सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांच्या बाबतीत तसाच आकार दिसला, म्हणजे दरडोई उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर उतरते. मात्र ही उतरण आपोआप येते असे मानण्याचे कारण नाही, हे त्या दोघांनीच १९९५ साली स्पष्ट केले होते.

मी बरीच वर्षे एका औद्योगिक वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात रसायनतज्ज्ञ होतो, त्यामुळे हा प्रश्न मला आलेखापेक्षा एअरेशन टाकीच्या, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडण्याच्या टाकीच्या, कठड्यावरून अधिक कळला. त्या टाकीत पाणी शुद्ध करण्याचे काम जिवाणू करतात. रोज सकाळी टाकीतले पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास न हलवता ठेवायचे. तपकिरी गाळ तळाशी बसून वर नितळ पाणी राहिले तर जिवाणू ठीक आहेत, वरचे पाणी गढूळ राहिले तर काहीतरी बिनसले आहे. आमच्याकडे यंत्रे नवी होती आणि पैशाचीही चणचण नव्हती. परंतु बारावी झालेल्या कंत्राटी ऑपरेटरला मोजपात्रावरचा आकडा वहीत उतरवायला शिकवले होते, त्याचा अर्थ लावायला कोणी शिकवले नव्हते. एका रात्री कुठल्याशा कारखान्याने आम्लयुक्त पाणी सोडले, जिवाणू मेले, आणि पुढचे तीन दिवस वहीत मात्र नेहमीचाच आकडा पडत राहिला. (दोष त्याचा नव्हता, नेमणाऱ्यांचा होता आणि त्यांत मीही आलो.) नंतर आलेला बी.एस्सी. झालेला मुलगा आत येणाऱ्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, दर तासाला तपासू लागला आणि संशय आला की पाणी आधीच्या टाकीत अडवून ठेवू लागला. यंत्रे तीच होती, खर्चही जवळपास तेवढाच.

कौशल्याचा दुसरा उपयोग कुंपणाबाहेर होतो. जपानमधील कीताक्यूशू परिसरात १९०१ पासून पोलादाचा मोठा कारखाना होता आणि लोक धुराकडे भरभराटीची खूण म्हणून पाहत. वाळत घातलेले कपडे काळे पडतात म्हणून तेथील महिला मंडळांनी नुसती ओरड केली नाही. जाणकारांच्या मदतीने त्यांनी पडणाऱ्या धुळीची मोजणी शिकून घेतली आणि १९६५ साली आपल्या पाहणीवर छोटा चित्रपटही काढला. पगार वाढल्याने तक्रार करण्याची ऐपत येते हे खरे, पण कारखान्यासमोर मांडता येईल असा आकडा शिकलेल्या माणसांकडूनच येतो.

हे नाते उलट दिशेनेही चालते. मेक्सिको सिटीतील एक मोठा तेलशुद्धीकरण कारखाना १९९१ साली बंद झाला, तेव्हा आसपासच्या वस्त्यांतील लोकांचे आठवड्याचे कामाचे तास सुमारे सव्वा तासाने वाढले, असे हॅना आणि ओलिव्हा या अर्थतज्ज्ञांना आढळले. म्हणजे ज्या श्रमशक्तीच्या जोरावर वाढ व्हायची, तिलाच प्रदूषण पोखरते.

शिक्षणाने सगळेच प्रदूषण घटते असे मात्र समजू नये. नाकाला जाणवणारा धूर आणि नदीतला फेस यांवर ते काम करते. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग, आणि शिकून कमावता झालेला माणूस वातानुकूलन यंत्र आणि विमानप्रवास या दोन्हींवर अधिक खर्च करतो. शिवाय असे अभ्यास वाचताना मानवी भांडवल, म्हणजे लोकांचे शिक्षण आणि कौशल्य, कशाने मोजले आहे ते आधी पाहावे. बहुतेक ठिकाणी शाळा-महाविद्यालयातील सरासरी वर्षे धरलेली असतात, आणि त्या मापाने आमच्या दोन ऑपरेटरांमध्ये फक्त तीन वर्षांचा फरक निघतो.