बोवी ऐकायला घेतोस तर

इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा सर्वोत्तम अल्बम कोणता, या वादात उतरण्याआधी निवडक गाण्यांचे संग्रह बाजूला ठेव. त्यांत गाणी मिळतात, अल्बम हाती लागत नाही. सुरुवात 1971 च्या 'हंकी डोरी'ने कर. पियानो पुढे आहे, चाली पटकन कानात बसतात. मग 1972 चा 'झिगी स्टारडस्ट'.

खरी जुंपते ती 1977 च्या 'लो'वर. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला सात छोटी गाणी, दुसरीवर चार संथ, जवळजवळ शब्दांविना. नवा माणूस शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम मोडून ऐकतो, म्हणून त्याला सगळं अर्धवट वाटतं. मडगाव-पणजी बसच्या घरघरीत दुसरी बाजू तर विरूनच जाते. ती रात्री, हेडफोन लावून, सलग ऐक. पहिल्या बाजूला ड्रमकडे कान दे: ठोका पडतो आणि त्याचा सूर खाली घसरत जातो. निर्माता टोनी व्हिस्कोंटीने ते हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून काढलं. माझं मत विचारशील तर 'लो'च पहिला.

'ब्लॅकस्टार' शेवटी ठेव. तो 8 जानेवारी 2016 ला आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. आधीचे अल्बम ऐकलेले नसतील तर त्याच्या जाण्याच्या दुःखापोटीच अल्बमचा क्रम लावला जातो.

रेकॉर्ड घेतलीस तर आपल्या पावसाळ्यात जपायला हवी. कागदी आतलं पाकीट दमट होऊन बुरशी धरते, सुई चरचरते. प्लॅस्टिकचं पाकीट वापर, रेकॉर्ड उभ्या ठेव, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाक.