मागाच्या खडखडाटातला माहितीपट कापताना

सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवरचं फुटेज हातात आलं की आधी त्याच्या ३ प्रती कर. त्यातली एक दुसऱ्या घरी ठेव. मोबाईलवरच्या शूटिंगचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) ते, बदलता असतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. ते सगळं आधी सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर बदलून घे.

मुलाखती टाइमकोडसकट, म्हणजे कुठलं वाक्य फुटेजमध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला आहे त्या नोंदीसकट, शब्दशः उतरव. कामगार तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलला असेल तर ती भाषा जाणणारा माणूस शेजारी बसवूनच काप. नाहीतर वाक्य भलत्या जागी तुटतं, अर्थ उलटतो, आणि हा त्या माणसावर अन्याय आहे.

मागाचा आवाज प्रत्येक कटला उडी मारतो. शूटिंगवाल्याकडून त्याच शेडमधला निदान ३० सेकंदांचा नुसता आवाज मागून घे आणि कटांखालून सलग चालव.