‘पोस्टडॉक’ म्हणजे नक्की काय? ही पीएचडीच्या वरची डिग्री आहे का?

नाही, डिग्री नाही. पीएचडी झाल्यावर एखाद्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी, बहुतेक वेळा एखाद्या सीनियर प्राध्यापकाच्या हाताखाली केलेलं पगारी संशोधन. शेवटी पदवी मिळत नाही, मिळतात ते रिसर्च पेपर आणि अनुभव.

‘पोस्टडॉक्टरल’चं हे बोलीतलं आखूड रूप. माणसालाही लागतं, कामालाही: ‘ती पोस्टडॉक आहे’ आणि ‘ती पोस्टडॉक करते’, दोन्ही बरोबर. बायोडेटात मात्र नेमणूकपत्रावरचं पदनाम लिहा. आपल्याकडे ते पुष्कळदा ‘रिसर्च असोसिएट’ असतं, म्हणून नीरीसारख्या (नागपूरची पर्यावरण-संशोधन संस्था) संस्थेची जाहिरात शोधताना फक्त ‘पोस्टडॉक’ टाकलंत तर अर्ध्या जागा सुटतील. केंद्राच्या 2023 च्या सुधारित दरांनुसार रिसर्च असोसिएटला अनुभवाप्रमाणे महिना 58,000, 61,000 किंवा 67,000 रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. प्रोजेक्ट संपला की बहुधा नोकरीही संपली, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि ‘डॉक’चा दवाखान्याशी संबंध नाही. मी नागपुरात धरमपेठेत राहतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय करून राहिला रे आता?’ म्हटलं, पोस्टडॉक. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात! माझी पीएचडी सांडपाण्यातल्या जिवाणूंवर आहे. तरी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला. पाहावाच लागतो, तर्रीपोहे आणले होते नं त्यांनी.