पेसमेकर बसवून आठवडा झाला, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) वडिलांच्या हृदयाभोवती पाणी दिसतंय. काढावंच लागतं का?

नाही, दर वेळी नाही. थोडंसं असेल तर परत परत इको करून लक्ष ठेवतात, बरेचदा आपोआप जिरतं. पण 'पाणी' या शब्दावर जाऊ नका. पेसमेकरनंतर लगेच जमतं ते पुष्कळदा रक्त असतं. पेसमेकरच्या तारेचं टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार गेलं की रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत झिरपतं.

आमच्या आण्णांचं तेच झालं. रंकाळ्यावर फिरताना ते दोनदा चक्कर येऊन पडले, नाडी ३६. पेसमेकरचा आग्रह मी धरला, दादाचा विरोध होता. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी उचकी लागली ती थांबेचना. दादा म्हणाला, "कोण तरी आठवण काढतंय." संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, तर "गॅस हाय" म्हणून ओवा चारला. आडवं झालं की दुखायचं, पुढं वाकून बसले की कमी व्हायचं. मी फोन केला, तर ऑपरेशन झालं त्या दवाखान्यातनं सांगितलं, मशीन तपासूनच सोडलंय, सकाळी आणा. तार भिंतीतून गेली तरी मशीनचे आकडे कधीकधी ठीकच येतात, हे मला नंतर कळलं. रात्री दोनला मानेच्या शिरा टरारल्या, अंगाला गार घाम, वरचा बीपी ८०. मंगळवार पेठेतनं शेजाऱ्यांच्या गाडीतनं दुसऱ्याच दवाखान्यात नेलं. तिथं इको लावून, छातीच्या हाडाखालनं सुई घालून ३०० मिली रक्त काढलं. काढता काढताच बीपी वर आला. आण्णांनी डोळे उघडले आणि प्यायला पाणी मागितलं. दोन दिवस नळी ठेवली, तार नव्यानं बसवली.

किती मिली यापेक्षा किती झपाट्यानं जमलं, ते महत्त्वाचं. हळूहळू जमलं तर पिशवी ताणत जाते, लिटरभरही मावतं. एकदम जमलं तर दीड-दोनशे मिलीतच हृदय दाबलं जातं, त्यात रक्त भरत नाही.

दादा अजून पै-पाहुण्यांसमोर म्हणतो, "हिच्या हट्टानं आण्णांच्या काळजाला भोक पडलं." भोक तारेनं पडलं. शंभरात एकालाही हे होत नाही, आमच्या वाट्याला आलं. पण ३६ च्या नाडीवर माणूस घरात बसवून ठेवायचा होता का? जीव टांगणीला लागला तो उचकीपासून इकोपर्यंत घालवलेल्या बारा तासांपायी. माझा निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन.

तुमच्याकडे कारण वेगळंही असेल. काही आठवड्यांनी ताप येऊन आवरणाला सूज येते, तिला गोळ्यांनी उतार पडतो. किडनी, थायरॉइडमुळंही पाणी होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि वडिलांना आडवं झोपवत नसेल किंवा दम लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आत्ताच न्या.